चरबीचा हिशेब

१९२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाची मोहीम स्पिट्सबर्गनला निघाली, तेव्हा तीत चार्ल्स एल्टन नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. नॉर्वेचं उत्तर टोक आणि स्पिट्सबर्गन यांच्या साधारण मध्यावर बेअर आयलंड नावाचं एक उघडंबोडकं बेट आहे. तिथे कोण कुणाला खातं याच्या नोंदी एल्टननं आणि व्हिक्टर समरहेज या वनस्पतिशास्त्रज्ञानं केल्या आणि १९२३ मध्ये छापलेल्या निबंधात त्या एका आकृतीत मांडल्या. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतला नत्र जमिनीत उतरतो, त्यावर वनस्पती वाढतात, वनस्पतींवर किडे, किड्यांवर पक्षी, आणि पक्ष्यांवर ध्रुवीय कोल्हा. त्याच कोल्ह्याकडे समुद्राच्या बाजूनंही एक वाट येते. अस्वलानं मारलेल्या सीलचं उरलंसुरलं, आणि अगदी वेळ पडली तर अस्वलाची विष्ठासुद्धा तो खातो. अन्नजाळ्याच्या अगदी सुरुवातीच्या आकृत्यांपैकी ही एक. पुढे १९२७ मध्ये एल्टनचं ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ आलं आणि अन्नसाखळी ही कल्पना शाळेच्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोचली.

आर्क्टिकची एक मोठी सोय होती. प्रजाती मोजक्या, त्यामुळे सगळा पसारा एका पानावर मावत होता. सह्याद्रीतल्या एखाद्या देवराईचं असं चित्र काढायला बसलं तर कागद संपेल, चित्र संपणार नाही. पण एल्टनच्या पानावर खरी किंमत बाणांना होती. कोल्हा बेटावर राहतो ही माहिती कुणीही खलाशी देऊ शकला असता; तो कोल्हा हिवाळा कुणाच्या जिवावर काढतो, हे बाणांनी सांगितलं.

तापमानवाढीच्या चर्चेत नेमके हे बाण गळून पडले आहेत. ध्रुव प्रदेश म्हटला की दोन गोष्टी पुढे केल्या जातात. वितळत्या हिमखंडावर उभं असलेलं हाडकुळं अस्वल ही एक, आणि किती लाख चौरस किलोमीटर बर्फ घटला हा आकडा ही दुसरी. एका बाजूला एकच प्राणी, दुसऱ्या बाजूला निव्वळ क्षेत्रफळ. या दोहोंच्या मधे जे घडतं आहे ते ना छायाचित्रात येतं, ना आलेखात. आणि गंमत अशी की नुसती मोजदाद केली, तर काही ध्रुवीय किनारे पूर्वीपेक्षा श्रीमंत झालेले दिसतात.

स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्यावरचा काँग्सफियॉर्ड हे याचं उत्तम उदाहरण. ७९ अंश उत्तर अक्षांशाला, म्हणजे उत्तर ध्रुवापासून जेमतेम बाराशे किलोमीटरवर असलेला हा समुद्राचा फाटा. त्याच्या काठावरचं नी-ओलसुंड हे एके काळचं कोळशाच्या खाणीचं गाव. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली. त्या प्रकरणावरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं, खाण बंद झाली आणि गाव हळूहळू शास्त्रज्ञांचं झालं. आज तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत, आणि त्यांत भारताचं ‘हिमाद्री’ही आहे. १ जुलै २००८ रोजी सुरू झालेलं हे केंद्र गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालवलं जातं. जुलै २०१४ मध्ये याच फियॉर्डमध्ये ‘इंडआर्क’ नावाची उपकरणांची माळ १९२ मीटर खोल पाण्यात सोडली गेली. तापमान, क्षारता, प्रवाह यांची नोंद ती बर्फाखाली, अंधारात, माणसाशिवाय करत राहते. तेव्हा काँग्सफियॉर्डच्या पाण्यात काय चाललं आहे हा प्रश्न गोव्याला वाटतो तितका परका नाही.

या फियॉर्डच्या तोंडाशी दोन पाणी भेटतात. अटलांटिकचं कोमट, खारट पाणी पश्चिम किनाऱ्याला लागून उत्तरेकडे जातं, आणि त्याच्या व जमिनीच्या मधून आर्क्टिकचं थंड पाणी वाहतं. पूर्वी हे थंड पाणी हिवाळ्यात आडव्या दारासारखं उभं असायचं. २००५-०६ च्या हिवाळ्यात वाऱ्यांनी दिशा बदलली, कोमट पाणी उथळ समुद्रावर चढलं आणि थेट फियॉर्डमध्ये घुसलं. तेव्हापासून फियॉर्डच्या मध्यापर्यंत गोठणारा बर्फ बहुतेक हिवाळ्यांत आतल्या कोपऱ्यापुरताच उरला. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगानं तापतो आहे, हे आता बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. काँग्सफियॉर्डमध्ये मात्र नुसती हवा तापली नाही, खालचं पाणीच बदललं.

मग पाहुणे आले. तसं पाहिलं तर त्याआधीच, २००४ मध्ये, शेजारच्या इसफियॉर्डच्या तोंडाशी निळे शिंपले सापडले होते. स्पिट्सबर्गन ज्या द्वीपसमूहात आहे, त्या स्वालबार्डच्या किनाऱ्यावर ते सुमारे हजार वर्षांनी परतले होते. २०१३ मध्ये त्याच इसफियॉर्डमध्ये अटलांटिक मॅकेरल जाळ्यात आला. आपल्या बांगड्याच्या कुळातलाच हा मासा, इतक्या उत्तरेला त्याची आधी नोंद नव्हती. अटलांटिक कॉड आणि हॅडक फियॉर्डमध्ये नेहमीचे झाले. यादी करायला बसलं तर प्रजातींची संख्या वाढलेलीच दिसते. मासेमारीच्या अर्थशास्त्रात याला ‘नवी संधी’ म्हणतात, आणि तसं म्हणणारे सगळेच लबाड नाहीत. आकडा खरा आहे. प्रश्न इतकाच आहे की आकडा कशाचा धरायचा.

इथे एका फार बारीक प्राण्याकडे वळावं लागतं. कॅलॅनस ग्लेशियालिस हा कोपेपॉड वर्गातला, म्हणजे झिंग्याचा दूरचा नातलग, तीन-चार मिलिमीटरचा पारदर्शक जीव. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर शरीराइतक्याच लांब दोन मिशा दिसतात आणि पोटाशी एक लांबट, चमकदार पिशवी. ती तेलाची पिशवी. उन्हाळ्याच्या अखेरीस ती इतकी फुगलेली असते की प्राणी कमी आणि तेल जास्त, असा भास होतो. वर्षातले चार महिने सूर्य उगवत नाही अशा ठिकाणी राहायचं, तर प्रकाशाच्या दिवसांत मिळालेलं सगळं मेणासारख्या चरबीत साठवायचं, खोल पाण्यात उतरून हिवाळा निपचित काढायचा आणि वसंतात त्याच साठ्यावर अंडी घालायची, असा त्याचा संसार. आर्क्टिकच्या अन्नजाळ्याचं चलन म्हणजे ही चरबी. शैवालानं पकडलेला थोड्या आठवड्यांचा सूर्यप्रकाश तिच्या रूपानं ध्रुवीय कॉडकडे, पक्ष्यांकडे, सीलकडे आणि शेवटी अस्वलाकडे पोचतो.

कॅलॅनस ग्लेशियालिसचा वेळही बर्फावर बांधलेला आहे. एप्रिलमध्ये बर्फाच्या खालच्या अंगाला तपकिरी शैवाल धरतं. ते माद्यांचं पहिलं जेवण. त्यावर त्या अंडी घालतात. पुढे बर्फ फुटला की खुल्या पाण्यात शैवालाचा दुसरा, मोठा बहर येतो. तोवर अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्लं खाण्याच्या वयाची झालेली असतात. स्वालबार्डच्या उत्तरेकडच्या राइपफियॉर्डमध्ये या दोन बहरांत सुमारे दोन महिन्यांचं अंतर नोंदलं गेलं, आणि या जीवाचं वेळापत्रक त्या अंतरात नेमकं बसतं. बर्फच धरला नाही तर पहिलं जेवण नाहीसं होतं आणि दुसरं आधी येतं. पंगत उठून गेल्यावर पोरं दारात पोचतात.

अटलांटिकच्या पाण्याबरोबर त्याचा भाऊ येतो, कॅलॅनस फिनमार्किकस. दिसायला इतका सारखा की अनुभवी डोळेही फसतात. पण तो आकारानं लहान असतो, आणि काँग्सफियॉर्डमध्येच झालेल्या मोजणीनुसार ग्लेशियालिसच्या एका जीवात त्याच्या जवळजवळ दहापट चरबी असते. म्हणजे जाळीत आलेले जीव मोजले तर संख्या तीच, कदाचित जास्तच; तेल मात्र किती तरी कमी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. तारलीच्या अंगात तेल भरलेलं असताना मिळालेली टोपली आणि तेल उतरल्यावर मिळालेली टोपली वजनाला सारखी भरली तरी सारखी नसते.

हा फरक सगळ्यांत आधी कुणाला जाणवत असेल तर लिटल ऑक या पक्ष्याला. काळापांढरा, दीडशे-एकशेसाठ ग्रॅम वजनाचा हा पक्षी डोंगरउतारावरच्या दगडांच्या राशीत एकच अंडं घालतो. स्वालबार्डमध्ये त्याच्या दहा लाखांहून जास्त जोड्या असाव्यात असा अंदाज आहे. तो माशांच्या नादी लागत नाही. समुद्रात बुडी मारून कोपेपॉड टिपतो, गळ्याखालच्या थैलीत भरतो आणि पिल्लाकडे परततो. पूर्व ग्रीनलंडमध्ये केलेल्या एका अभ्यासात हिशेब निघाला तो असा: पिल्लं वाढवण्याच्या दिवसांत एका पक्ष्याला स्वतःची गरज भागवायला आणि पिल्लाला पुरवायला रोज सुमारे साठ हजार कोपेपॉड लागतात, आणि पाण्याखाली असताना तो सेकंदाला सहाच्या आसपास टिपतो. अशा पक्ष्याच्या पुढ्यात एकदशांश तेलाचे जीव आले तर तो काय करील? दिवस काही लांबवता येत नाही, आर्क्टिकच्या उन्हाळ्यात तो आधीच चोवीस तासांचा आहे.

इथवरची गोष्ट सरळ आहे. इतकी सरळ की शंका यावी, आणि शंका घेणारे आहेतही. गेल्या काही वर्षांतले अभ्यास सांगतात की दोन्ही कॅलॅनसच्या आकारांत बरीच सरमिसळ आहे. कोमट पाण्यात ग्लेशियालिसही लहान राहतो, आणि पूर्वीच्या नोंदींत निव्वळ आकारावरून ओळख पटवताना गफलती झाल्या असणार. शिवाय फिनमार्किकस एका वर्षात पिढी पुरी करतो, ग्लेशियालिसला अनेकदा दोन वर्षं लागतात. लहान रकमेचा व्यवहार पण जलद फिरणारा, असं झालं तर एकूण चरबी फारशी घटणारही नाही. किटीवेक या कुरव पक्ष्याचं उदाहरणही या बाजूनं देता येतं. १९८२ ते २०१६ या काळात काँग्सफियॉर्डच्या किटीवेकनं काय खाल्लं याच्या नोंदी आहेत. २००७ च्या सुमारास त्याच्या आहारातला ध्रुवीय कॉड मागे पडला आणि कॅपेलिन, हेरिंग असे दक्षिणेकडचे मासे आले. पक्षी उपाशी मेला नाही. पानात पडलं ते त्यानं खाल्लं.

ही हरकत रास्त आहे आणि तिला ‘पण विनाश अटळ आहे’ असं म्हणून उडवून लावणं हा आळस आहे. खरी अडचण वेगळी आहे. फियॉर्डमधली एकूण चरबी तितकीच राहिली, तरी ती कुणाला, कुठे आणि कधी मिळते ते बदलतं. आणि एकूण बेरीज कुणी खात नाही. मोठा, तेलकट कोपेपॉड पक्ष्याला थेट टिपता येतो. लहान, विखुरलेले कोपेपॉड आधी माशानं खायचे, मग तो मासा पक्ष्यानं, तर मधे एक पायरी वाढते, आणि प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. किटीवेकला ती पायरी चालते, कारण तो मुळातच मासे खाणारा आहे. लिटल ऑकला चालत नाही.

रशियाच्या उत्तरेकडच्या फ्रान्झ योसेफ लँड या द्वीपसमूहातल्या लिटल ऑकांवरचा एक अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. बर्फ उत्तरेला सरकल्यावर हे पक्षी बर्फाच्या कडेपर्यंत जायचे सोडून जवळच्या हिमनदीच्या तोंडाशी चरू लागले. हिमनदीचं गोडं, थंड पाणी समुद्रात मिसळतं तिथे कोपेपॉडसारखे प्लवक बधिर होऊन तरंगतात, ते टिपायला सोपे. पिल्लं पूर्वीच्याच वेगानं वाढली. कुणी पिल्लांचंच वजन केलं असतं तर सगळं आलबेल आहे असा निष्कर्ष निघाला असता. पण प्रौढ पक्ष्यांचं वजन १९९०च्या दशकाच्या आरंभाशी ताडून पाहिलं, तर २०१३ मध्ये ते चार टक्क्यांनी कमी भरलं. म्हणजे पिल्लाच्या ताटात काही कमी पडू दिलं नाही, ते आईबापांच्या अंगातून गेलं. चार टक्के ही काही मोठी तूट नव्हे. पण ती कुठल्या खात्यात पडली हे पाहिल्याशिवाय दिसणारीच नव्हती.

आणि ज्या हिमनदीच्या तोंडानं ही सोय केली, तेही कायमचं नाही. काँग्सफियॉर्डच्या टोकाला क्रोनेब्रेन, काँग्सब्रेन या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. उन्हाळ्यात त्यांच्या पोटातून वाहणारं वितळपाणी तळाशी बाहेर पडतं, हलकं असल्यामुळे उसळून वर येतं आणि येताना खोल पाण्यातले प्लवक बरोबर आणतं. त्या गढूळ तपकिरी पट्ट्यावर किटीवेकांचे थवे घिरट्या घालतात. उष्णता वाढली की वितळपाणी वाढतं आणि काही काळ हा भंडारा जोरात चालतो. हिमनदी मागे सरकत जमिनीवर चढली की पाणी वरच्या वरच ओढ्यातून समुद्रात येतं, सोबत गाळ आणतं, तो गाळ प्रकाश अडवतो आणि खालून वर येणारा उसाळा थांबतो. तेव्हा आज हिमनदीच्या तोंडाशी दिसणारी पक्ष्यांची गर्दी हे सुबत्तेचं लक्षण मानणाऱ्यानं जरा थांबावं.

बदल हळूहळू होतो आणि म्हणून वेळेवर लक्षात येईल, हा समजही काँग्सफियॉर्डनं खोटा ठरवला आहे. १९८० पासून नॉर्वेच्या ट्रोम्सो विद्यापीठाचे पाणबुडे या फियॉर्डच्या तळावरच्या त्याच त्या खडकांची, त्याच चौकटीत, वर्षानुवर्षं छायाचित्रं काढत आले. सुरुवातीच्या चित्रांत गुलाबी चुनखडी शैवालानं माखलेला खडक, त्यावर समुद्रफुलं, एखाद-दुसरा तारामासा. वर्षं जातात, चित्र जवळजवळ तेच. १९९५ मध्ये ते एकदम पालटतं. तपकिरी समुद्री शैवालानं व्यापलेला भाग पाचपट होतो आणि गुलाबी खडक त्याखाली झाकला जातो. पाच वर्षांनी, २००० मध्ये, उत्तरेकडच्या स्मीरेनबर्गफियॉर्डमध्ये हेच घडतं, तिथे वाढ आठपट. पाण्याचं तापमान या काळात सावकाश चढत होतं, बर्फ सावकाश घटत होता. तळ मात्र सावकाश बदलला नाही. सूर्यप्रकाश पुरेसा आत यायला लागला आणि एका उन्हाळ्यात पारडं फिरलं. पहिली पंधरा वर्षं कंटाळा न करता तेच छायाचित्र काढत राहणाऱ्यांचं कौतुक यासाठी की, काही घडत नव्हतं त्या वर्षांच्या नोंदी हाताशी नसत्या तर १९९५ मध्ये काही घडलं हे कळलंच नसतं. अशा कामाला निधी मिळवणं किती अवघड असतं हे कुठल्याही देशातला संशोधक सांगेल.

याहून मोठा पालट नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्राच्या संपूर्ण अन्नजाळ्याचा अभ्यास करणाऱ्यांना दिसला. दक्षिणेकडून वर सरकणारे कॉड, हॅडक हे मासे पानात पडेल ते खाणारे आहेत. तळावरचे जीव, मधल्या पाण्यातले मासे, लहान-मोठे सगळे त्यांना चालतात. आर्क्टिकचे मूळ रहिवासी मासे चोखंदळ. प्रत्येकाचं खाणं ठरावीक, आणि म्हणून जाळं लहान लहान, एकमेकांपासून बरंचसं अलग अशा गटांत विभागलेलं. कॉड आला की हे गट एकमेकांना जोडले जातात. जोडलेलं जाळं ऐकायला मजबूत वाटतं. पण गट अलग असतात तेव्हा एका गटातली पडझड तिथल्या तिथे जिरते. सगळे धागे एकमेकांत गुंतले की एका टोकाचा झटका दुसऱ्या टोकापर्यंत जातो. प्रजाती वाढल्या, दुवे वाढले, आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे, हे विधान मोजदादीच्या चौकटीत बसत नाही. या लेखाचा आग्रह त्या विधानासाठीच आहे.

कॉडला विजेता म्हणावं तर तेही टिकत नाही. २०१३ मध्ये बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा दहा लाख टनांवर गेला होता, आणि उबदार पाण्याचा फायदा कसा होतो याचा दाखला म्हणून तो मिरवला गेला. २०२५ साठी तो ३ लाख ४० हजार टनांवर आणावा लागला, १९९१ नंतरचा तोवरचा सर्वांत कमी. या घसरणीचं खापर एकट्या तापमानावर फोडता येणार नाही. पण तापमानाला लाभार्थी ठरवून रंगवलेलं चित्र किती लवकर पुसलं गेलं, एवढं तरी त्यावरून दिसतं.

जाळं समुद्रात संपत नाही, हे तर एल्टनच्या चित्रातही होतं. लिटल ऑकच्या वसाहती समुद्रापासून आत, डोंगरउतारांवर असतात. येता-जाता पडणारी त्यांची विष्ठा टुंड्राला खत पुरवते. त्या हिरव्या पट्ट्यांवर हंस आणि रेनडिअर चरतात. लिटल ऑकची जागा मासे खाणाऱ्या पक्ष्यांनी घेतली, तर ते समुद्राला लागून असलेल्या कड्यांवर राहतात आणि त्यांची विष्ठा बरीचशी परत समुद्रात पडते. म्हणजे कोपेपॉडच्या तेलाच्या पिशवीचा संबंध डोंगरावरच्या गवताशी लागतो. वायव्य ग्रीनलंडमध्ये तो माणसापर्यंतही येतो. तिथले इनुघुइट लोक लांब दांड्याच्या जाळीनं उडते लिटल ऑक पकडतात आणि सीलच्या कातड्यात भरून, आंबवून हिवाळ्यासाठी ठेवतात. किव्हियाक हा त्यांचा सणासुदीचा पदार्थ.

आणि अस्वल? त्याची कथा रेखीव नाही, म्हणूनच ती सांगण्याजोगी. बर्फाअभावी सील हाती लागत नाहीत तेव्हा स्वालबार्डचं अस्वल पक्ष्यांच्या वसाहतींकडे वळतं, आणि काही वर्षांत काही बेटांवरची हंसांची आणि आयडर बदकांची बहुतेक सगळी घरटी एक-दोन अस्वलांनी साफ केली आहेत. २०१४ मध्ये एक अस्वल बर्फाच्या भेगेत अडकलेला पांढऱ्या चोचीचा डॉल्फिन खाताना आढळलं. २०२० मध्ये हॉर्नसुंडजवळ रेनडिअरचा पाण्यात पाठलाग करून त्याला मारणारं अस्वल कॅमेऱ्यात सापडलं. ‘अस्वल जुळवून घेतंय’ असं म्हणणाऱ्यांना ही उदाहरणं आवडतात. अंड्यांवर वाढलेलं अस्वल सीलच्या चरबीवर वाढलेल्या अस्वलाइतकं धष्टपुष्ट राहील का, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, त्या जुळवून घेण्याचा खर्च आयडर बदक भरतं. जाळ्यात कुणी जुळवून घेतं तेव्हा बिल दुसऱ्याच टेबलावर जातं.

दुसऱ्या ध्रुवावर हाच युक्तिवाद पैशाच्या भाषेत भेटतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर अमेरिकेचं पामर केंद्र आहे. तिथल्या आसपासच्या बेटांवर १९७०च्या दशकात अडेली पेंग्विनच्या सुमारे पंधरा हजार जोड्या होत्या. त्यांतल्या बहुसंख्य आज नाहीत. १९९०च्या दशकात तिथे जेंटू पेंग्विन आले आणि वाढले. अडेली बर्फाला बांधलेला. जेंटूचं खाणं आणि विणीचं वेळापत्रक दोन्ही सैल. पुन्हा तेच, चोखंदळाच्या जागी भागवून घेणारा. या दोघांच्या, आणि देवमाशांच्या व सीलच्याही, अन्नजाळ्याच्या तळाशी आहे क्रिल हा झिंग्यासारखा लहान जीव. त्याची पिल्लं पहिला हिवाळा बर्फाखालच्या शैवालावर काढतात. नैर्ऋत्य अटलांटिकमधला क्रिल १९७०च्या दशकापासून घटला की नाही यावर शास्त्रज्ञांत खडाजंगी आहे. जुन्या जाळ्यांच्या नोंदींचा अर्थ कसा लावायचा, यावर ती अडली आहे.

मासेमारी करणारे मात्र एका आकड्यावर ठाम असतात. २०१९ च्या पाहणीत त्या भागात सुमारे ६ कोटी २६ लाख टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. पकडीची मर्यादा ६ लाख २० हजार टन. म्हणजे फक्त एक टक्का. मग तक्रार कसली? तक्रार अशी की तो एक टक्का सगळ्या समुद्रातून सारखा उचलला जात नाही. जहाजं तिथेच जातात जिथे क्रिल दाट असतो, आणि पेंग्विन व देवमासेही तिथेच जातात. ही मर्यादा चार उपविभागांत वाटून देणारा नियम होता. अंटार्क्टिक सागरी सजीव संपदेच्या आयोगात सदस्यांचं एकमत न झाल्यानं तो २०२४ अखेर संपला. पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, ६ लाख २० हजार टनांची मर्यादा पहिल्यांदाच पुरी भरली आणि मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. एकूण एक टक्का, पण द्वीपकल्पालगतच्या एखाद्या सामुद्रधुनीत, पिल्लं भुकेली असण्याच्या आठवड्यांत, किती टक्के? बाणाला जागा आणि तारीख असते, टक्केवारीला नसते.

उत्तरेतही पाऊल त्याच दिशेनं पडलं आहे. नॉर्वेनं २०१९ मध्ये कॅलॅनस फिनमार्किकसची व्यापारी पकड खुली केली आणि वर्षाला २ लाख ५४ हजार टनांची मर्यादा घातली. हेही साठ्याच्या एक टक्क्याहून कमी, आणि प्रत्यक्ष पकड अजून त्या मर्यादेच्या फार खाली आहे. त्याच्या तेलाच्या कुप्या बनतात, औषधांच्या दुकानात जातात. आज त्यानं काही बिघडतं असं कुणी म्हणत नाही. पण तळाच्या जिवांची अदलाबदल चालू असताना, कोणता कॅलॅनस कुणाला किती पुरतो हेच अजून वादात असताना, त्याच तळावर जाळं टाकण्याची परवानगी देणं ही घाई आहे. उत्तर ध्रुवाभोवतीच्या खुल्या समुद्रासाठी याच्या उलट रीत पाळली गेली. मध्य आर्क्टिक महासागरात व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधीच ती थांबवणारा करार २०१८ मध्ये झाला, २०२१ मध्ये लागू झाला, आणि त्याची पहिली मुदत सोळा वर्षांची आहे. आधी अभ्यास, मग जाळं. दुर्मीळ शहाणपणा.

भारतात आर्क्टिकचा विषय निघतो तो बहुधा मॉन्सूनच्या किंवा नव्या जलमार्गाच्या निमित्तानं. २०२२ च्या आर्क्टिक धोरणानंतरही सर्वसाधारण चर्चा तिथेच फिरते. वास्तविक डिसेंबर २०२३ पासून भारताचे संशोधक हिवाळ्यातही हिमाद्रीवर राहू लागले आहेत, आणि ध्रुवीय रात्रीत समुद्र झोपलेला नसतो हे काँग्सफियॉर्डमध्येच दाखवून दिलं गेलं आहे. काळोखात कोपेपॉड वर-खाली करतात, पक्षी चरतात, शिंपले वाढतात. त्या अंधारात जहाजाचे नेहमीचे दिवे लावले तरी दोनशे मीटर खोलीपर्यंतचे मासे आणि प्लवक आपली जागा सोडतात, असंही आढळलं आहे. म्हणजे मोजायला गेलेलं जहाजच मोजणी बिघडवतं. इंडआर्कसारखी मूक, दिव्याशिवायची माळ इथे कामाची. तिच्या तापमान-क्षारतेच्या नोंदींना त्याच फियॉर्डमधल्या प्लवकांच्या आणि त्यांच्या तेलाच्या बारमाही नोंदींची जोड मिळाली, तर पाणी बदलल्यावर चरबी कुणीकडे वळते हे वर्षानुवर्षं पाहता येईल.

अंटार्क्टिकच्या आयोगात तर भारत गेली अनेक वर्षं पूर्ण सदस्य आहे. १९९५-९६ मध्ये ‘सागर संपदा’ जहाजातून भारतानं स्वतः क्रिलची मोहीम काढली होती. आणि २०२१ मध्ये पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्रातल्या संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावांना पाठिंबा जाहीर केला. या आयोगाची बैठक दर ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला भरते. तिथे एकूण मर्यादा किती टन असावी यावर जितका वेळ जातो, तितका ती कुठे आणि कोणत्या महिन्यांत वापरावी यावर जायला हवा. संपलेली उपविभागांची वाटणी पुन्हा बसवणं, ती उपविभागांहून बारीक करणं, आणि विणीच्या महिन्यांत पेंग्विन वसाहतींभोवतीचं पाणी बंद ठेवणं, हे करता येण्याजोगं आहे. याचा पुरावा खुद्द मासेमारांनीच दिला आहे. क्रिल पकडणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी २०१८ मध्ये असं बंधन स्वखुशीनं मान्य केलं. जे स्वखुशीनं चालतं ते नियमात यायला मात्र आयोगाच्या प्रत्येक सदस्याचा होकार लागतो, आणि एक नकार पुरतो.